मार्जाराचें मार्जन

संस्कृत भाषेंत मांजराला जीं नांवें आहेत त्यांत ‘मार्जार’ हें नांव मोठें मार्मिक आहे. ‘मृज्’ म्हणजे पुसणें, घासून स्वच्छ करणें, ह्या धातूशीं त्याचा संबंध जोडतात. घरांतलें संमार्जन आणि केर काढावयाची संमार्जनी ह्यांचेंहि मूळ तेंच. मांजर दूध चोरतें, उंदीर मारतें, चुलीपाशीं झोंपा काढतें, ह्या साऱ्या गोष्टी डोळ्यांसमोर असूनहि ज्यांनीं हें नांव रूढ केलें त्यांच्या मनावर ठसली ती एकच गोष्ट : हा प्राणी सारखा स्वतःला पुसत असतो. भाषेनेंच ज्याला ‘मार्जन करणारा’ म्हटलें, त्याला स्वच्छ ठेवण्याचें काम माणसानें आपल्याकडे घ्यावें काय? घेतल्यास कोणत्या अधिकारानें आणि कोणत्या मर्यादेपर्यंत? प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक, कदाचित् हास्यास्पदहि वाटेल. परंतु जो स्वतःचें स्वतः करूं शकतो त्याला मदत कशी करावी, हा प्रश्न कांहीं मांजरापुरताच नाहीं. आणि मोठ्या प्रश्नाचा विचार लहान उदाहरणावरून करणें पुष्कळदां सोयीचें असतें.

प्रथम मांजराची स्वतःची व्यवस्था काय आहे तें पाहूं. मांजराची जीभ हातावर फिरली म्हणजे बारीक कानस फिरल्यासारखें वाटतें. तिच्यावर घशाच्या दिशेनें वळलेले शेंकडों बारीक कांटे असतात, आणि आपलीं नखें ज्या द्रव्याचीं बनलेलीं असतात त्याच द्रव्याचे ते बनलेले असतात. अमेरिकेंतील जॉर्जिया टेक ह्या संस्थेंतील अलेक्सिस नोएल व डेव्हिड हू ह्या संशोधकांनीं २०१८ सालीं असें दाखवून दिलें कीं, ह्या कांट्यांचीं टोंकें भरीव नसून पन्हळीसारखीं पोकळ असतात. तोंडांतली लाळ त्या पोकळींत आपोआप चढते आणि जीभ फिरली म्हणजे केसांच्या मुळाशीं जाऊन पोंचते. ती लाळ वाळतांना अंगाला गारवा येतो. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, तेव्हां उन्हाळ्यांत हा गारवा त्याला फार उपयोगाचा. चाटण्यानें सुटे झालेले केस निघतात आणि पिसवाहि निघतात. गळ्याभोंवतीं रुंद पट्टा बांधून कांहीं मांजरांना अंग चाटतां येणार नाहीं अशी व्यवस्था एका प्रयोगांत केली होती. २००० सालीं तो प्रसिद्ध झाला. तीन आठवड्यांनीं त्या मांजरांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या सुमारें दुप्पट पिसवा आढळल्या. जेथें जीभ पोंचत नाहीं त्या तोंडासाठीं व कानांसाठीं मांजर पुढचा पंजा ओला करून तो फिरवितें. सारांश, फणी, पाणी, पंचा आणि पंखा हीं सर्व साधनें निसर्गानें त्याच्या जवळच ठेवलीं आहेत.

अशा प्राण्याच्या बाबतींत घरोघर दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, मांजराचें मांजर पाहून घेईल; त्याला दूधभात घातला कीं आपलें काम संपलें. दुसरा पक्ष त्याला घरांतलें मूलच समजतो. त्याला साबण लावून न्हाऊं घालावें, अंगावर सुगंधी पूड उडवावी, गळ्यांत रेशमी फीत बांधावी, असें त्याला वाटतें. पहिल्या पक्षाला दुसरा खुळा वाटतो आणि दुसऱ्याला पहिला निर्दय वाटतो.

हा झगडा पाहिला म्हणजे दक्षिणेंतील श्रीवैष्णव संप्रदायांतला एक प्रसिद्ध वाद आठवतो. ईश्वराच्या कृपेला माणसाच्या प्रयत्नाची जोड लागते कीं नाहीं, ह्या प्रश्नावर त्या संप्रदायांत वडकलै व तेंकलै असे दोन पंथ झाले. वडकलै पंथाचा दृष्टांत माकडाच्या पिलाचा. आई उडी मारते खरी, परंतु पिलानें तिच्या पोटाला घट्ट धरून ठेवावयास पाहिजे. तेंकलै पंथाचा दृष्टांत मांजराच्या पिलाचा. तें कांहींच करीत नाहीं. आई त्याला मानेशीं धरून उचलते आणि पाहिजे तेथें नेऊन ठेवते. पहिल्याला मर्कटकिशोरन्याय आणि दुसऱ्याला मार्जारकिशोरन्याय म्हणतात. आतां मौज अशी कीं, दुसऱ्या न्यायांत जें परावलंबन वर्णिलें आहे तें मांजराच्या आयुष्यांत फार थोडे दिवस टिकतें. जन्मल्यावर पहिले सुमारें तीन आठवडे पिलाला आईनें चाटल्यावांचून मलमूत्रसुद्धां टाकतां येत नाहीं. परंतु त्यानंतर लवकरच तें आपला पंजा आपण चाटूं लागतें, आणि आईहि हळूहळू आपली जीभ आवरती घेते. मांजरीचे दांत तिच्या पिलांना लागत नाहींत, ही आपली म्हण तिच्या मायेचें एक अंग सांगते. ह्या मायेचें दुसरें अंगहि तितकेंच मोलाचें आहे : जरूर असतां उचलावयाचें आणि जरूर संपली कीं सोडून द्यावयाचें. मदतीचें माप मदत करणाराच्या प्रेमावर ठरत नाहीं. घेणाराच्या उणिवेवर ठरतें.

हें माप हातीं घेतलें म्हणजे पहिला पक्ष कदाचित् म्हणेल, “मग झालें तर! मोठ्या मांजराला उणीव ती कसली?” हें म्हणणें रानांतल्या मांजरापुरतें खरें आहे. परंतु घरांतलें मांजर आज रानांतलें राहिलेलें नाहीं, आणि त्याचें कारण आपण आहों. धान्याच्या कोठारांभोंवतीं उंदीर जमले, आणि उंदरांच्या मागोमाग पश्चिम आशियांतलें रानमांजर माणसाच्या वस्तींत आलें, असें आतां सामान्यतः मानतात. सायप्रस बेटांत माणसाच्या शेजारीं पुरलेलें सुमारें ९५०० वर्षांपूर्वींचें एक मांजर सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. आणि जगांतील घरगुती मांजरांचें मूळ त्याच बाजूच्या रानमांजरांत आहे, असें २००७ सालीं आनुवंशिक तपासणीवरून दिसून आलें. त्या पहिल्या व्यवहारांत कोणीं कोणाला लुबाडलें नाहीं. मांजराला भक्ष्य मिळालें आणि माणसाचें धान्य वांचलें. आंखूड केस, लवचिक पाठ आणि शिकारींत जाणारे दिवस असलेल्या त्या मांजराला फणी नको होती. आपल्याकडे वाड्यांतून व कौलांवरून फिरणाऱ्या तरण्या गांवठी मांजरालाहि ती फारशी लागत नाहीं.

परंतु पुढें ह्या व्यवहारांत माणसाची हौस शिरली. पिएत्रो देल्ला वाल्ले नांवाचा इटालियन प्रवासी १६२३–२४ च्या सुमारास सुरत, गोवें इकडेहि फिरून गेला. त्यापूर्वीं इराणांत असतांना त्यानें खोरासानकडील लांब, रेशमी केसांच्या मांजरांचें वर्णन लिहून ठेवलें आणि तीं रोमला न्यावीं असें मनांत आणलें. १३ जुलै १८७१ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वेअर ह्यानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें, आणि तेव्हांपासून मांजराच्या रूपाला गुण देण्याची व त्या गुणांसाठीं जाती जोपासण्याची प्रथा वाढत गेली. आज अगदीं चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजराचे डोळे पाझरत असतात, नाकाजवळच्या घडींत ओल साठते आणि अंगावरचे दाट केस त्याच्या जिभेला आवरत नाहींत. ह्याच्या उलट टोंकाचें उदाहरण कॅनडांतलें आहे. १९६६ सालीं टोरोंटो येथें केस नसलेलें एक पिलूं जन्मलें आणि पुढें अशा पिलांवरून स्फिंक्स ही जात जोपासली गेली. अंगावरचें तेल शोषून घ्यावयास केसच नाहींत, म्हणून ह्या जातीच्या मांजराला वरचेवर स्नान घालावें लागतें. एकाला आपण फणीचा ताबेदार केलें, दुसऱ्याला साबणाचा.

जाति न पाहतांहि हेंच दिसून येईल. शहरांतल्या चौथ्या मजल्यावरच्या बंद घरांत मांजराला धांवावयास जागा नसते आणि खावयास मात्र भरपूर असतें. तें इतकें लठ्ठ होतें कीं त्याची जीभ स्वतःच्या पाठीच्या शेवटापर्यंत पोंचत नाहीं. घरांत सांभाळल्यामुळें तें पुष्कळ वर्षें जगतें, म्हणून रानांत ज्या वयाला तें क्वचितच पोंचलें असतें त्या वयांत त्याचे सांधे धरतात आणि मान वळत नाहीं. मग कमरेवर कोंडा सांचतो आणि केसांच्या जटा होतात. जट ही नुसती दिसावयास वाईट नसते. प्रत्येक हालचालीबरोबर ती खालचें कातडें ओढीत असते. आपल्या केसांचा एक झुबका कोणी दिवसभर धरून ठेवला आहे अशी कल्पना केली, म्हणजे त्या दुःखाची थोडीशी कल्पना येईल.

येथें आपल्या कर्तव्याचा पाया सांपडतो. गृहस्थानें रोज करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे, म्हणजे आपल्या अन्नांतला कांहीं भाग इतर जीवांना देणें. तें दान आहे. परंतु ज्या मांजराचे केस आपल्या हौसेनें लांब झाले, ज्याची कंबर आपल्या लाडानें जड झाली, त्याच्या अंगावरून फणी फिरविणें हें दान नव्हे. ती ऋणफेड आहे. दान करतांना मन मोठें झाल्यासारखें वाटतें. ऋण फेडतांना तसें वाटावयाचें कारण नसतें. ऋणाला आणखी एक गुण आहे, तो म्हणजे त्याला मोजमाप असतें. जेवढें घेतलें तेवढें द्यावयाचें. कमी दिलें तर बुडवेगिरी होते आणि जास्त देऊं गेलें तर तो आपला शौक होतो, त्याला परोपकार म्हणूं नये.

हें माप व्यवहारांत कसें लागू पडतें तें पाहूं. लांब केसांच्या मांजराला रोज आणि आंखूड केसांच्या मांजराला आठवड्यांतून एकदां फणी केली तर त्याच्या पोटांत जाणारे केस कमी होतात. हेच केस पोटांत सांचून त्यांचा गोळा झाला म्हणजे तें ओकतें. जट लहान असेल तर ती बोटांनीं हळूहळू मोकळी करावी. कात्री लावणें धोक्याचें आहे, कारण मांजराचें कातडें पातळ असून जटेबरोबर वर उचललें जातें आणि कात्रींत सांपडतें. मोठी जट पशुवैद्याकडूनच काढून घ्यावी. डोळ्यांत चिपडें येत असेल तर कोमट पाण्यांत भिजविलेल्या स्वच्छ कापडानें पुसावें. झाडाला किंवा खांबाला नखें घासावयास न मिळाल्यानें तीं वाढलीं, तर पुढचें टोंक तेवढें कापावें. आंतल्या गुलाबी भागांत रक्तवाहिनी व मज्जातंतु असतात, तेथें कात्री जातां कामा नये. आणि ज्याला आपण अंगण व माती ह्यांना मुकविलें त्याची वाळूची पेटी रोज साफ करणें हाहि ऋणाचाच हप्ता आहे. मांजराच्या केसांचें कौतुक करणारे पुष्कळजण ही पेटी नोकरावर सोंपवितात. परंतु मांजराच्या दृष्टीनें पाहिलें तर फणीपेक्षांहि ह्या सेवेचें महत्त्व जास्त आहे.

आतां मापाच्या पलीकडलें काय तें पाहूं. आंखूड केसांच्या, निरोगी मांजराला ठराविक दिवशीं साबण लावून स्नान घालणें त्याच्या गरजेंत बसत नाहीं. मांजराचें जग बरेंचसें वासाचें आहे. आपल्याला जी दुर्गंधि वाटते ती त्याची ओळख असते. पशुवैद्याकडे जाऊन परका वास घेऊन आलेल्या मांजरावर त्याच घरांतलें दुसरें मांजर गुरगुरूं लागतें, हें दोन मांजरें पाळणारांनीं पाहिलेलें असतें. सुगंधाची गोष्ट तर ह्याहून गंभीर आहे. मांजर आपलें अंग जिभेनें धुतें, म्हणून त्याच्या अंगाला आपण जें लावूं तें अखेर त्याच्या पोटांत जावयाचें. त्याच्या यकृतांत फिनॉल जातीचीं द्रव्यें निकामी करून टाकण्याची शक्ति फार थोडी असते. म्हणून ज्या जंतुनाशकानें पुसलेल्या जमिनीवर आपण निश्चिंतपणें जेवावयास बसतों, त्या ओल्या जमिनीवरून चालून पंजे चाटणाऱ्या मांजराला तें विषासारखें होऊं शकतें. कुत्र्याच्या पिसवांसाठीं विकलें जाणारें पर्मेथ्रिनचें औषध मांजराला मारक ठरतें. फुलदाणींतल्या लिलीचे पराग केसांवर पडून पोटांत गेले तर मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊं शकतात. आपल्या स्वच्छतेच्या आणि शोभेच्या कल्पना दुसऱ्याच्या अंगावर किती महाग पडूं शकतात, ह्याचीं ह्याहून स्पष्ट उदाहरणें मिळणें कठीण.

नखांच्या बाबतींत तर हौसेनें क्रौर्याची सीमा गांठली. गादीवर ओरखडे पडूं नयेत म्हणून मांजराचीं नखें कायमचीं काढण्याची शस्त्रक्रिया कांहीं देशांत चालत आली आहे. नांव नखांचें असलें तरी तींत प्रत्येक बोटाचें शेवटचें हाडच कापून टाकतात. ब्रिटनमध्यें २००६ च्या प्राणिकल्याणाच्या कायद्यानें अशा शस्त्रक्रियांना बंदी आली, आणि अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं ती बंद केली. मांजराच्या नखांची निगा राखणें आणि आपल्या गादीची निगा राखणें, ह्या दोन गोष्टींत फरक आहे, हें मान्य करावयास इतकीं वर्षें लागलीं!

ह्यावर कोणी तत्त्वज्ञ विचारील कीं, ज्याला हक्काची भाषा कळत नाहीं त्याचें ऋण आपण लागतों हें म्हणणें कितपत खरें? कांटच्या मतें पशूंविषयींचीं आपलीं कर्तव्यें अप्रत्यक्ष होत. पशूंशीं निर्दयपणें वागणारा माणूस माणसांशींहि तसाच वागूं लागेल, म्हणून पशूंशीं दयेनें वागावें. बेंथमनें १७८९ सालीं दुःख भोगण्याची पात्रता हीच कसोटी धरली आणि कर्तव्य थेट पशूलाच बांधून टाकलें. मांजराच्या जटेपुरता तरी बेंथमचा पक्ष मला अधिक सयुक्तिक वाटतो. जट ओढली गेली म्हणजे दुखतें तें मांजराला. माझ्या नीतिमत्तेला कांहीं दुखत नाहीं.

शिवाय मांजरावर दया केल्यानें माणूस माणसाशींहि दयेनें वागूं लागतो, हा भरंवसा आपल्या इतिहासानें खोटा पाडला आहे. ज्या घरांत मांजर स्वयंपाकघरांत मोकळेपणें फिरत होतें, त्याच घरांतून माणसाची सांवलीहि अंगावर नको होती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्यायले. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता तें माणसांनीं शिवलें म्हणून नंतर पंचगव्यानें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. त्या शुद्धीनें पाण्यांतला कणभरहि मळ गेला नाहीं. तिचा हेतु दुसऱ्याला दूर ठेवणें हाच होता. मांजराची स्वच्छता ह्या जातीची नाहीं. दोन सलोख्याचीं मांजरें एकमेकांचें डोकें आणि मान चाटतात, तेव्हां तीं जवळ आलेलीं असतात. म्हणून, माणसें उपेक्षित असतां मांजराचे केस विंचरणें हा विलास नव्हे काय, असा आक्षेप जो घेतो त्याचा आक्षेप मी हंसण्यावारी नेणार नाहीं. मांजराची फणी हें कोणत्याहि माणसाच्या ऋणाचें फेडपत्र होऊं शकत नाहीं. परंतु एक देणें मोठें आहे म्हणून दुसरें लहान देणें बुडवावें, असेंहि त्यावरून सिद्ध होत नाहीं. दाराशीं बांधलेल्या गाईला पाणी दाखवावयाचें तें दाखवावयाचेंच. गांवांत दुष्काळ आहे म्हणून तें टळत नाहीं.

कर्तव्य ठरलें तरी तें बजावण्याची रीत उरतेच. फणी हातांत घेऊन मांजराला दाबून धरणारा त्याचे केस साफ करील, परंतु त्याचा विश्वास घालवील. जी जागा मांजराचा स्नेही चाटतो तेथूनच आपणहि आरंभ करावा : गाल, हनुवटी, कानांमागची बाजू. केसांच्या ओघाबरोबर दोनचार हात फिरवावे आणि थांबावें. शेपटी आपटूं लागली, कान मागें गेले, पाठीचें कातडें थरथरलें, म्हणजे त्यानें ‘पुरे’ म्हटलें असें समजावें. राहिलेलें उद्यां करावें. ज्याला बोलतां येत नाहीं त्याचा नकार ओळखणें आणि आपल्या हातीं बळ असूनहि तो मानणें, हें शिक्षण मोठमोठ्या ग्रंथांतून सहसा मिळत नाहीं. घरांतल्या मुलांच्या हातीं फणी द्यावयाची ती केवळ करमणुकीसाठीं न देतां ह्या शिक्षणासाठीं द्यावी.

ह्या सेवेचा आणखी एक उपयोग आहे. रोज हात फिरविणाराला कातडीखालची गांठ, कानांतला मळ, अंगाची रोडावलेली चण ह्या गोष्टी वेळींच कळतात. मांजर आपलें दुखणें लपवितें. परंतु तें आजारी पडलें म्हणजे पुष्कळदां अंग चाटणें सोडून देतें आणि त्याचे केस विस्कटलेले, तेलकट दिसूं लागतात. उलट एकच जागा चाटून चाटून त्यानें उघडी केली, तर कातडीचा रोग, वेदना किंवा घरांतली कसली तरी धास्ती ह्यांचा संशय घ्यावा. म्हणजे मांजर स्वतःला कसें ठेवीत आहे इकडे लक्ष ठेवणें, हाच त्याच्या निगेचा मोठा भाग आहे. फणी हें त्या लक्षाचें निमित्त होय.

म्हातारपणीं आईवडिलांना जेवणाचा घांस भरवावयाचा कीं वाटी त्यांच्या हाताला लागेल अशी सरकवून ठेवावयाची. लहान मुलाच्या सदऱ्याचीं बटनें आपण लावावयाचीं कीं त्याला उशीर लागला तरी थांबावयाचें. हे प्रश्न प्रत्येक कुटुंबांत रोज उभे राहतात. प्रेम करणाराला सर्व कांहीं स्वतः करून टाकण्याचा मोह होतो, आणि कंटाळलेल्याला कांहींच न करण्याचा होतो. दोघेहि समोरच्या जीवाकडे पाहात नाहींत. त्याला अजून काय करतां येतें आणि काय येईनासें झालें आहे, हें पाहून जेवढें येत नाहीं तेवढेंच करावें आणि बाकीचें त्याचें त्याला करूं द्यावें. म्हाताऱ्या मांजराची जीभ जेथपर्यंत पोंचते तेथपर्यंतचें अंग त्याचें आहे. त्यापुढची वीतभर पाठ तेवढी आपल्याकडे आली आहे.